ई-टाइपची कुंडली: दाखला की तपासणी?

लंडनमधला मित्र १९६४ची जॅग्वार ई-टाइप ही जुनी स्पोर्ट्स कार घेतोय. जॅग्वारच्या जुन्या नोंदी जपणाऱ्या हेरिटेज ट्रस्टचा दाखला मागवू, की जाणकाराला नेऊन गाडीच तपासून घेऊ, असं विचारत होता.

खर्च आणि कष्ट, दोन्हींत दाखला हलका. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातल्या नोंदींवरून चेसिस (सांगाडा), इंजिन, बॉडी, गिअरबॉक्सचे नंबर, मूळ रंग, रवानगीची तारीख कळते. पण फाटकाबाहेर पडल्यावर गाडीचं काय झालं, त्याबद्दल तो मुका.

तपासणीत कपडे मळतात. इंजिन नंबर ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडावर, आणि त्यावर बसणाऱ्या हेडच्या पुढच्या टोकाला ठोकलेला असतो. दोन्ही जुळायला हवेत. चेसिस नंबर मात्र पुढच्या नळ्यांच्या फ्रेमवर, आणि ती नुसती बोल्टांनी जोडलेली! गंजली की बदलतात, मग नंबर नव्याने ठोकतात. आकड्यांच्या कडा फार धारदार दिसल्या तर मी तरी हात आखडता घेईन.

नुसती चालवायची असेल तर दाखल्यावाचून अडत नाही, गंज ओळखणारा मेकॅनिक पुरे. ‘मॅचिंग नंबर’चा, म्हणजे कारखान्यातून निघताना होते तेच भाग अजून असलेल्या गाडीचा, भाव मोजणार असाल तर आधी दाखला, मग तो हातात धरूनच गाडीखाली शिरा.