फोंड्यातील गोमंतकीय जेवणाचा डबा आणि त्यावरील दीर्घायुष्याचा दावा

गोव्यातील फोंडा बाजारापासून जवळच राहणारे एक कुटुंब घरच्या स्वयंपाकघरातून गोमंतकीय जेवणाचे डबे पुरवते. गेले काही महिने हा डबा आमच्या घरी नियमित येत आहे आणि जेवण म्हणून तो उत्तम आहे, हे प्रथमच सांगतो. परंतु त्यांच्या छापील पत्रकावर ‘पूर्वजांचा आहार घ्या, पूर्वजांसारखे दीर्घायुषी व्हा’ असे वाक्य आहे, आणि अनेक जण त्या वाक्यावर विश्वास ठेवूनच घरातील वृद्धांसाठी वा मधुमेही माणसांसाठी डबा लावतात. त्यामुळे या परीक्षणात चवीइतकाच त्या दाव्याचाही विचार करणे मला आवश्यक वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे देशव्यापी निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, म्हणजे 26.4 टक्के, गोव्यातच आढळले होते. सबंध देशाचे प्रमाण 11.4 टक्के होते. ज्या राज्यात चार प्रौढांमागे एकाला हा विकार आहे, तेथे रोजच्या जेवणाबद्दल आरोग्याचे आश्वासन देणाऱ्याने ते जबाबदारीनेच दिले पाहिजे.

डब्यातील सर्वांत जमेची बाजू म्हणजे उकड्या तांदळाचे शीत, म्हणजे भात. दाणा जाड, त्यावर तांबूस रेघा स्पष्ट दिसणाऱ्या, आणि शिजल्यावरही एकेक दाणा सुटा राहतो. बाजारातील बहुतेक खाणावळी सोयीसाठी पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळाचा भात वाढतात, तेथे या घराने उकडा सोडलेला नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. भात भरडण्यापूर्वी भिजवून उकडला की कोंड्याकडील ब जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि गिरणीतून काढल्यावरही त्यांचा बराच अंश उरतो. याचा जीवनमरणाशी किती निकटचा संबंध आहे, हे विल्यम फ्लेचर या डॉक्टरने 1905-06 साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात दाखवून दिले. तेथे बेरीबेरीने, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, रुग्ण दगावत होते. फ्लेचरने सर्व रुग्णांना ओळीने उभे करून सम आणि विषम क्रमांकांप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाला सयामी (आजच्या थायलंडमधील) पांढरा तांदूळ आणि दुसऱ्याला भारतातून येणारा उकडा तांदूळ दिला. पांढऱ्या तांदळाच्या गटात रोग पसरला आणि मृत्यू झाले, तर उकड्या तांदळाच्या गटात, दाखल होतानाच बाधा असलेले रुग्ण सोडले, तर कोणालाही तो झाला नाही. पारंपरिक पद्धतीतील एखादी साधी क्रिया जीव वाचवू शकते, याचे इतके निःसंदिग्ध उदाहरण क्वचितच मिळते.

सोमवारी डबा शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतो आणि माझ्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम डबा आहे. त्या दिवशीचे खतखते, ही मिश्र भाज्यांची भाजी, सविस्तर सांगण्याजोगे आहे. सुरण, मुळा, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, दुधी, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि तुरीची डाळ असे सगळे त्यात असते. प्रत्येक भाजी आपापल्या वेळेनुसार घातलेली असल्यामुळे मुळा लगदा होत नाही आणि सुरणही कच्चे राहत नाही. ओल्या खोबऱ्याचे वाटण बेताचे असते, आणि झाकण उघडताच तिरफळांचा वास प्रथम येतो. तिरफळे ठेचून, आतले काळे बी काढून मगच घातलेली असतात, हे खाणाऱ्याला चटकन कळते. इतर दिवशी मुगागाठी, अळसांद्यांचे तोणक (कडधान्याची रस्साभाजी), तांबडी भाजी आणि पावसाळ्याच्या आरंभी तायखिळ्याची भाजी मिळते. कडधान्ये आणि भाज्या यांचा वाटा इतका ठळक असणारा दुसरा डबा या परिसरात माझ्या पाहण्यात नाही.

माशांच्या बाबतीतही निवड योग्य आहे. विसवण किंवा पापलेट यांसारख्या महाग माशांच्या मागे न लागता तारले आणि बांगडे दिले जातात, आणि ते बहुधा हुमणातच (खोबऱ्याच्या वाटणाच्या कालवणात) असतात. या तेलकट माशांतील ओमेगा-3 स्निग्धाम्ले हृदयाला हितकर मानली जातात. वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 2033 पुरुषांवर एक चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष 1989 साली प्रसिद्ध झाले, आणि आठवड्यातून किमान दोनदा असे मासे खाण्याचा सल्ला मिळालेल्यांमध्ये दोन वर्षांतील मृत्यू 29 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र पुढील अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात तो लाभ टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. एका पदार्थाकडून आयुष्य वाढण्याची अपेक्षा धरली की असा अनुभव वारंवार येतो. ग्रीसमधील 22,043 प्रौढांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2003 साली आले, पारंपरिक भूमध्यसागरी आहाराशी अधिक जवळीक असलेल्यांचा मृत्युदर कमी होता. पण त्यातील एकेक घटक सुटा काढून पाहिला, तर तसा ठळक संबंध दिसत नव्हता. लाभ होता तो संपूर्ण जेवणाच्या घडणीचा, आणि म्हणूनच या डब्याचे मोल एका बांगड्यात वा एका वाटी सोलकढीत शोधणे मला पटत नाही.

नारळाविषयी ग्राहक सर्वाधिक विचारतात. पॅसिफिक महासागरातील टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवरील लोकांचा अभ्यास इयन प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केला. टोकेलाऊमध्ये आहारातील 63 टक्के ऊर्जा नारळातून येत होती आणि तेथील लोकांचे कोलेस्टेरॉल पुकापुकातील लोकांपेक्षा जास्त होते, तरीही दोन्ही बेटांवर रक्तवाहिन्यांचे विकार फारसे आढळले नाहीत. हे वाचून नारळाला सरसकट निर्दोष ठरवण्याचा मोह होतो, पण ते लोक मासे आणि कंद खात, कष्ट करत आणि बाहेरचे तयार अन्न त्यांच्यापर्यंत फारसे पोहोचलेलेच नव्हते. उलट, 16 चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण 2020 साली आले, त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ मानले जाणारे कोलेस्टेरॉल, डेसिलिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅमने वाढल्याचे दिसले. म्हणून वाटणातील चोथ्यासकटचे खोबरे आणि तळणीतील खोबरेल यांना एकच समजू नये. या घरी खोबरे मोजके वापरतात, पण रविवारी बांगडा रव्यात घोळून भरपूर तेलात तळला जातो, आणि आठवड्याच्या उरलेल्या शिस्तीशी ते जुळत नाही.

आता मुख्य दाव्याकडे वळतो. पूर्वज दीर्घायुषी होते, असे सरसकट म्हणता येत नाही. 1951 च्या सुमारास भारतात जन्मावेळचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यू, हिवताप, क्षय, बाळंतपणातील मृत्यू यांनी ते इतके खाली ओढले होते, आणि ते वाढले त्यामागे लसीकरण, औषधे, स्वच्छ पाणी आणि दवाखाने आहेत. पारंपरिक आहाराचे श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. जे मध्यम वयापर्यंत पोहोचले, त्यांना मधुमेह आणि हृदयविकार कमी होण्यास त्या आहाराचा हातभार लागला असावा, असे मानायला आधार आहे, पण त्याच्या जोडीला दिवसभराचे अंगमेहनतीचे कामही होते. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात ग्रीसच्या क्रीट बेटावरील पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू फार कमी दिसले, पण ते बहुतांशी शेतात राबणारे लोक होते. जपानमधील ओकिनावा बेटांचेही तसेच आहे. 1949 च्या सुमारास तेथील आहारातील दोनतृतीयांश ऊर्जा रताळ्यातून येत होती आणि एकूण खाणे बेताचे होते. आहार आणि राहणी बदलली, तसे तेथील पुरुष आयुर्मानात जपानच्या 47 प्रांतांमध्ये 2000 साली 26 व्या स्थानावर घसरले.

याच कारणाने डब्यातील भाताचे प्रमाण मला खटकते. शेतात कुदळ मारणाऱ्या माणसाला पुरेल इतके शीत कार्यालयात बसणाऱ्याला दिले जाते, आणि तोणकाची वाटी मात्र लहानच असते. तांदूळ उकडा असला, तरी त्याच्या मोठ्या ढिगाने रक्तातील साखर वाढतेच. भात निम्मा करून कडधान्य दुप्पट केले, तर हाच डबा मधुमेही माणसासाठी कितीतरी अधिक योग्य ठरेल.

दुसरी त्रुटी मिठाची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंदी असते, त्या काळात डब्यात खारे (खारवलेले सुके मासे), सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर आणि मिठात मुरवलेली तोरे (कैऱ्या) जवळजवळ रोज येतात. निखाऱ्यावर भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा पेजेबरोबर किती रुचकर लागतो, हे गोमंतकीयाला सांगायला नको. पण पेजेबरोबर लहानसा तुकडा खाण्याची रीत होती, येथे जेवणात अर्धा बांगडा मिळतो. पारंपरिक आहारही जीवघेणा ठरू शकतो, याचा दाखला जपानने दिला आहे. उत्तर जपानमध्ये खारवलेले मासे आणि भाज्या यांमुळे मिठाचे सेवन पूर्वी दिवसाला 25 ग्रॅमच्या वर जात असे, आणि 1951 ते 1980 या काळात मेंदूतील पक्षाघात हे त्या देशातील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे असे सांगते. हे मी डबा करणाऱ्या वहिनींजवळ बोललो, तेव्हा त्यांनी जराही वाईट वाटून न घेता उत्तर दिले, ‘‘तुमकां मीठ उणें जाय जाल्यार आदींच सांगात, हांव वेगळें काडून दवरतां.’’ (मीठ कमी हवे असेल तर आधीच सांगा, मी वेगळे काढून ठेवते.) त्याप्रमाणे आता आमच्या डब्यात खाऱ्याऐवजी कुळथाचे कळण येते आणि तेही चवीला सरस आहे.

शिवराक डबा 120 रुपयांना आणि माशांचा 160 रुपयांना मिळतो. पोच वेळेवर असते, डबे स्टीलचे आणि स्वच्छ असतात. न्याहारीच्या पाव-तोणकात पाव मैद्याचा असतो, तेथे कोंड्याची पोयी (गोव्याचा पोकळ पाव) मागितल्यास मिळते. पत्रकावरील वाक्य त्यांनी बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे, पण डबा मात्र जरूर लावावा. रक्तदाब असणाऱ्यांनी खारे आणि तोरे आधीच वगळण्यास सांगावे. मधुमेहींनी भात निम्मा मागवावा, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तो बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.