आर्सेनिक अल्बम 30 : बाटली एक नंबर, आत मात्र नुसती साखर

आर्सेनिक अल्बम 30 म्हणजे 2020 मध्ये कोरोना होऊ नये म्हणून लोकांनी घेतलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्या. सगळ्यात आधी जे चांगलं आहे ते सांगतो, कारण चांगलं खरंच बरंच आहे. बाटली खिशात मावते. गोळ्या साबुदाण्याएवढ्या आणि गोड, पोरं न रडता खातात, वर अजून मागतात. साईड इफेक्ट नाही. आणि डोस तर असा की कोणाच्याही लक्षात राहील, सकाळी उपाशीपोटी, तीन दिवस, बास, साथ चालूच राहिली तर महिन्याने परत तीन दिवस. मी ठाणे जिल्ह्यात मेडिकलच्या काउंटरला असतो, दिवसभर लोकांना हे जेवणाआधी, हे जेवणानंतर, ही अर्धी, आणि कोर्स मध्येच सोडू नका असं सांगून घसा बसतो, त्यामुळे तीन दिवसांत संपणाऱ्या कोर्सची किंमत मला विचारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण 2020 मध्ये कंपनी बघून ही बाटली कोणी घेतलीच नाही.

आता आत काय आहे ते. आर्सेनिक म्हणजे सोमल, विषच. पण घाबरू नका, ते बाटलीत नाहीये. 30 चा अर्थ असा की मूळ द्रावणाचा एक भाग घ्यायचा, त्यात 99 भाग स्पिरिट किंवा पाणी घालून हलवायचं, त्यातला एक भाग घेऊन परत तेच, असं तीस वेळा. म्हणजे एकावर 60 शून्यं एवढं पातळ. शाळेत अॅव्होगॅड्रोचा आकडा शिकवतात, एका मोलमध्ये किती रेणू असतात तो, त्यात दहाचा घात 23 आहे. त्यामुळे बाराव्या-तेराव्या वेळेलाच सोमलाचा शेवटचा रेणू सुद्धा उरण्याची शक्यता संपते, पुढची सतरा-अठरा वेळा आपण स्पिरिटमध्ये स्पिरिटच मिसळत बसतो. मग ते साखरेच्या गोळ्यांवर टाकून वाळवायचं. होमिओपॅथीवाले म्हणतात हलवल्याने शक्ती वाढते, ते त्यांच्यापाशी. माझ्या हिशोबाने ही साखर आहे, आणि ही साखर कोरोना अडवते असं नीट केलेल्या कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

तरीपण खप कसला होता म्हणता! आमच्या दुकानात होमिओपॅथीचा साधा खण पण नव्हता आणि एप्रिल-मे मध्ये शटर अर्धं वर व्हायच्या आत लोक चुन्याच्या गोलात उभे, "दादा, ती अल्बमची बाटली आली का?" काही जण फोटो अल्बम मागितल्यासारखं नुसतंच "अल्बम द्या" म्हणायचे. मास्क संपले, सॅनिटायझर संपलं, आणि त्या दोन्हीपेक्षा जास्त चौकशी हिची. होलसेलवाला आधी फोन उचलायचा नाही, मग उचलायला लागला तेव्हा भाव वाढवून.

टीव्हीवर आणि नंतर सगळीकडे एकच ऐकलं की लोक अडाणी आहेत म्हणून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतात. काउंटरच्या या बाजूने मला तसं काही दिसलं नाही. आमच्याकडे सोसायट्यांमधले शिकलेले लोक एकदम दहा-दहा बाटल्या न्यायचे, बँकवाले, आयटीवाले, शाळेतल्या मॅडम. त्या मॅडमनी विज्ञानच शिकवलंय आयुष्यभर. मुद्दा असा की खरा सल्ला जो होता तो सगळा नकारात होता. बाहेर जाऊ नका, भेटू नका, हात लावू नका, गर्दी करू नका, आणि किती दिवस ते कोणी सांगेना. माणूस घाबरला की त्याला काहीतरी करायचं असतं, आणि "करू नका" हे करता येत नाही ना. ही बाटली करता येत होती. घरातल्या कर्त्या बाईला वाटायचं की मी आज सगळ्यांना गोळ्या दिल्या, माझ्या बाजूने मी काळजी घेतली. दिवसभर बातम्या बघून जीव खाली-वर झालेल्या माणसाला हे सुख किती मोठं आहे ते ज्यांनी ते दिवस काढले त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. ही अफवा कुठल्या बुवाने काढलेली नव्हती हो. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे बघणाऱ्या खात्याने, 29 जानेवारी 2020 ला पत्रक काढलं होतं, होमिओपॅथी संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांच्या बैठकीचा हवाला देऊन, की कोरोना होऊ नये म्हणून आर्सेनिक अल्बम 30 घ्या. भारतातला पहिला पेशंट केरळमध्ये सापडला 30 जानेवारीला. म्हणजे आजार देशात सापडायच्या आदल्या दिवशी त्याचं प्रतिबंधक औषध तयार! याच्यावर कोणी हसलं नाही तेव्हा, कारण तेव्हा कोणी बघितलंच नाही, मार्चमध्ये तेच पत्रक व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं आणि त्यावर खरोखरचा सरकारी मथळा होता. नंतर आपल्याकडे ग्रामविकास खात्याने गावाकडच्या 5 कोटी लोकांना फुकट वाटायची घोषणा केली. आता मला सांगा, आजीला मी कुठल्या तोंडाने सांगू की हे खोटं आहे? आजी म्हणेल सरकारला कळत नाही आणि तुला कळतं होय रे. गोव्यात तर मे 2021 मध्ये 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की चाचण्यांच्या बाहेर हे औषध कोरोनासाठी वापरू नका. ते तर जंतांवरचं खरं औषध, त्याला साईड इफेक्ट पण आहेत. त्यामानाने आपली बाटली गरीब.

आणि शिक्क्यापेक्षा भारी म्हणजे देणारा हात. आमच्या एरियात नगरसेवकाने वाटल्या, पाकिटावर हात जोडलेला फोटो. सोसायटीत सेक्रेटरीने वाटल्या. कुठे गणपती मंडळाची पोरं वाटत होती, जी एरवी आमच्या दारात वर्गणीला येतात तीच. डॉक्टर व्हिडिओत बोलायचा इंग्रजीत किंवा कडक हिंदीत, दिल्लीहून, आणि इथे बाटली घेऊन दारात कोण तर खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांनी रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. कोणावर विश्वास ठेवाल? लोक माहितीवर विश्वास ठेवत नाहीत, माणसावर ठेवतात, आणि त्यात चूक काहीच नाही, एरवी सगळं आयुष्य आपण असंच चालवतो. गडबड इतकीच की काकांना ती माहिती आली दुसऱ्या काकांकडून. मेसेजच्या वर लिहिलेलं असायचंच, "आलेला मेसेज जसाच्या तसा पाठवतोय, खरं-खोटं माहीत नाही, पण घेऊन बघायला काय जातंय." हे वाक्य फार हुशार आहे. पाठवणाऱ्याची जबाबदारी गेली, घेणाऱ्याची भीती गेली. व्हॉट्सॲपने एप्रिल 2020 मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, पण आमच्याकडे लोक मोबाईल घेऊन थेट काउंटरलाच यायचे, स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरून, त्याला कंपनी काय करणार.

पण या प्रॉडक्टची खरी कमाल अजून पुढे आहे, ती म्हणजे हे फेल जाऊच शकत नाही. गोळ्या घेतल्या आणि कोरोना झाला नाही, तर गोळ्यांनी वाचवलं. घेतल्या आणि झाला पण साधाच ताप येऊन गेला, तर गोळ्यांमुळे निभावलं. घेतल्या आणि ॲडमिट व्हावं लागलं, तर उपाशीपोटी घेतल्या नसतील किंवा नंतर कॉफी प्यायला असाल. एक सुद्धा गिऱ्हाईक पैसे परत मागायला आलं नाही. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचा सर्व्हे झाला होता, दहिसर, चेंबूर, माटुंगा, त्यात झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी निघाल्या आणि इमारतींमध्ये 16 टक्के. हे दोन आकडे बाटलीला लावून बघा. इमारतीतल्या 100 पैकी 84 जणांना तोपर्यंत लागण झालेलीच नव्हती, त्यांनी गोळ्या खाल्ल्या असत्या काय किंवा चणे-फुटाणे खाल्ले असते काय, फरक शून्य, पण प्रत्येकजण म्हणणार मी गोळ्या घेतल्या, मला नाही झाला. आणि झोपडपट्टीत निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेला होता आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ता पण नव्हता, म्हणजे ते पण म्हणणार मला नाही झाला. एवढे साक्षीदार खऱ्या औषधाला मिळत नाहीत. स्वतःच्या घरातला अनुभव हा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो माणसाला, आणि साथीच्या रोगात नेमका तोच फसवतो, कारण गोळ्या न घेतलेल्या शेजाऱ्याला पण काही झालं नाही हे मोजायला कोण जातं.

त्यात खरं विज्ञान स्वतःच दर आठवड्याला बदलत होतं, ते त्याचं कामच आहे म्हणा, पण गिऱ्हाईकाला ते थापा मारल्यासारखं दिसतं. आधी म्हणाले धडधाकट माणसाला मास्क नको, एप्रिलमध्ये आपलं आरोग्य मंत्रालय म्हणालं घरी शिवलेला तरी लावा, जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटना पण लावा म्हणाली. प्लाझ्मासाठी, म्हणजे बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातल्या द्रवासाठी, लोक रात्र-रात्र स्टेटस टाकत होते, तो मे 2021 मध्ये उपचारांच्या यादीतून काढला. रेमडेसिविर या इंजेक्शनसाठी तर दुसऱ्या लाटेत लोक काउंटरवर रडलेत माझ्यासमोर, आमच्याकडे ते कधी आलंच नव्हतं तरी, आणि त्याने जीव वाचतात याचा पक्का पुरावा नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच ते सरसकट देऊ नका म्हटलं होतं. या सगळ्या धांदलीत एकच गोष्ट जागेवरून हलली नाही, बाटलीवरचं लेबल. उपाशीपोटी, तीन दिवस.

तोटा काय? "घेतलं तर बिघडतं काय" हा प्रश्न मला हजारदा विचारला गेलाय. गोळीने काही बिघडत नाही. पण गोळ्या घेऊन "आता आपण सेफ" म्हणून लग्नाला जाणारे मी बघितलेत, आणि ताप आल्यावर टेस्ट न करता परत तीन दिवसांचा कोर्स सुरू करणारे पण. ते तीन दिवस महाग पडायचे. दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असं आलं होतं, त्यात पण तेच, वासाने बरं वाटतं आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावायचं राहून जातं.

याच कॅटेगरीत एक खरं प्रॉडक्ट पण आलं होतं आणि त्याचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही, तर इथेच लिहितो. सहा मिनिटं चालण्याची टेस्ट, राज्याच्या आरोग्य खात्याने लोकांना सांगितलेली. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघा, घरातल्या घरात सपाट जमिनीवर सहा मिनिटं चाला, परत आकडा बघा, 93 च्या खाली गेला किंवा तीन टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तर लगेच दवाखाना. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी चालेल. हे लोकांनी मनापासून केलं! आमच्याकडे येऊन आकडे वाचून दाखवायचे, वहीत लिहून ठेवायचे, ज्या आजी मला कळत नाही म्हणाल्या असत्या त्या हॉलमध्ये घड्याळ लावून फेऱ्या मारायच्या. का, तर यात पण करायला काहीतरी होतं, छोटं होतं, संपणारं होतं, आणि सांगायला काकाच होते. फक्त याच्या आत औषधाऐवजी खरी माहिती भरलेली होती.

जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसच्या बातम्या सुरू झाल्या, तो व्हायरस 2001 पासून माहीत असलेला, तरी त्याच आठवड्यात काउंटरला आवाज आला, "ती अल्बमची बाटली ठेवता का अजून?" ठेवतो. मालक ठेवतात, खपते. मी विचारलं घरी कोणाला ताप आहे का, तर म्हणे नातवाला कालपासून, म्हणून आधी थर्मामीटर विकला आणि डॉक्टरांची वेळ सांगितली, मग बाटली पण दिली कारण नाही दिली तर पुढच्या दुकानात जाणार आणि तिथे थर्मामीटरचं कोणी विचारणार नाही.

पॅकिंग आणि वापरायची सोय: 5 पैकी 5. चव: 4, जरा जास्तच गोड. कोरोनावर उपयोग: शून्य. ज्यांच्याकडे जुनी बाटली पडून आहे ते विचारतात एक्सपायरी संपली, चालेल का. चालेल की, कमी व्हायला आत काही नव्हतंच.