व्हॉट्सॲप ग्रुप, डायरी, पालकसभा की स्वतंत्र भेट? वर्गशिक्षकांसाठी तुलना

नवा वर्ग हाती आला की पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं, पालकांशी बोलायचं कसं. बहुतेक शाळांत ग्रुप तयार होतो आणि विषय तिथेच मिटतो. गोव्यातल्या प्राथमिक वर्गाला शिकवणारी म्हणून माझं मत आधीच सांगते. ग्रुप असावा, पण सूचनांपुरता. आपला वेळ खर्च करायचा तो वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक पालकाशी होणाऱ्या स्वतंत्र भेटीवर.

ग्रुपचा फायदा पावसाळ्यात कळतो. रेड अलर्टमुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली, की पाच मिनिटांत वाळपईच्या टोकाच्या वाड्यापर्यंत निरोप पोचतो. हे काम दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या लवकर होत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. परीक्षेचं वेळापत्रक टाकावं, तर खाली ‘ओके टीचर’ आणि अंगठ्यांची रांग लागते, मग कोणीतरी सुप्रभात पाठवतं आणि संध्याकाळी तीनजण विचारतात, ‘गणिताचा पेपर कधी?’ त्याहून गंभीर म्हणजे ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि एका मुलाची तक्रार तीस घरांत वाचली जाते. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सेटिंग पहिल्याच दिवशी लावावी. नंतर लावली तर पालकांना वाटतं, आपलं तोंड बंद केलं.

ब्रॉडकास्ट लिस्ट हा मला ग्रुपपेक्षा बरा वाटणारा मार्ग. एकच संदेश प्रत्येकाला वेगळा जातो, उत्तर फक्त आपल्याकडे येतं, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. मात्र ज्याने आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला तो संदेश मिळतच नाही. म्हणून पहिल्या भेटीत समोर बसवूनच नंबर सेव्ह करून घ्यावा.

डायरी जुनी वाटते, पण ती घरात राहते. फोन वडिलांच्या खिशात वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा मोपाच्या विमानतळावर ड्युटीला गेलेला असतो आणि अभ्यास घेणारी आई घरी. डायरी तिच्या हातात पडते. फक्त आपण तिच्यात काय लिहितो ते पाहावं. ‘वर्गात लक्ष देत नाही. पालकांनी नोंद घ्यावी.’ हे वाचून घरी मुलाला ओरडा बसतो, दुसरं काही घडत नाही. त्याऐवजी ‘आज हातच्याची वजाबाकी स्वतः सोडवली. सातचा पाढा कच्चा आहे, झोपण्याआधी एकदा म्हणून घ्या’ असं लिहिलं, तर आईला नेमकं काय करायचं ते कळतं आणि मुलगा डायरी लपवत नाही.

डायरीची खरी मर्यादा वाचण्याची आहे. आमच्या मराठी शाळांत घरी कोंकणी बोलणारी मुलं असतातच, शिवाय कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची, घरी कन्नड बोलणारी मुलंही असतात. त्या आईला मराठी शेरा वाचता येत नसेल तर तो मोठी बहीण वाचून दाखवते, नाहीतर कोणीच नाही. अशा घरांना कोंकणीत किंवा हिंदीत अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवावा. कोंकणीत बोललं की मराठी शाळेचा मान कमी होत नाही.

पालकसभा टाळता येत नाही, टाळूही नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीतही किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात. पाण्याची टाकी, सहल, स्नेहसंमेलन, माध्यान्ह आहार हे विषय सभेतच सुटतात. पण चाळीसजणांसमोर कुठली आई विचारणार, की माझा मुलगा अजून जोडाक्षरं का वाचत नाही? शिवाय सकाळी दहाची सभा म्हणजे रोजंदारीवाल्याचा बुडालेला दिवस. हॉटेलात काम करणाऱ्यांना तर हंगामात रविवारही मिळत नाही. जे येत नाहीत त्यांना आस्था नाही, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून स्वतंत्र भेट. पंचवीस मुलांचा वर्ग धरा, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे सव्वाचार तासांपेक्षा कमी. शाळा सुटल्यावरच्या चार-पाच दुपारींत हे बसतं. वेळ पालकाला विचारून द्यावी आणि पहिली पाच मिनिटं त्यालाच बोलू द्यावं: मूल घरी काय आवडीने करतं, कशाला घाबरतं, अभ्यास कोण घेतं, संध्याकाळी घरी कोण असतं. ‘टीचर, आमचो चलो कसो शिकता?’ (आमचा मुलगा कसा शिकतो?) हा प्रश्न येईलच. त्याचं उत्तर वही उघडून, पान दाखवून द्यावं. एकदा अशी ओळख झाली की पुढे अवघड गोष्ट सांगायला फोन केला तरी पालक धास्तावत नाही. वागणुकीची तक्रार किंवा डोळे-कान तपासून घेण्याचा सल्ला फक्त इथे किंवा फोनवर द्यावा, ग्रुपवर कधीच नाही.

घरभेट लहान गावात उत्तम, शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मात्र ती संकोचाची वाटू शकते. आधी कळवून जावं, सोबत एक सहकारी असावा.

मडगाव-म्हापशाच्या मोठ्या हायस्कुलात पन्नास मुलांचा वर्ग असेल तर सगळ्यांशी स्वतंत्र भेट जमणार नाही. तिथे ब्रॉडकास्ट लिस्ट आणि डायरी ठेवा, प्रगतिपत्रकाच्या दिवशी वेळा वाटून द्या आणि मागे पडणाऱ्या आठ-दहा मुलांच्या पालकांना वेगळं बोलवा. प्राथमिक शाळेत मात्र सगळ्यांच्या भेटी घ्याच आणि त्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीआधी पूर्ण करा. सुट्टीनंतर सत्र परीक्षा तोंडावर येते आणि मग पालक गुणांपलीकडे काही विचारत नाहीत.