प्रश्नावली फुकट, व्हॅलिडेशन विकत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी असिस्टंट मेट्रन आहे. एनएबीएचची, म्हणजे दवाखान्यांच्या दर्जाच्या मानांकनाची, तयारी सुरू झाली तसा वरून आदेश आला, स्टाफचा रुग्णसुरक्षेचा सर्व्हे घ्या, आणि मराठीत घ्या. निवडली ती अमेरिकेतल्या एएचआरक्यू या सरकारी संस्थेची प्रश्नावली, 2019 ची दुसरी आवृत्ती. ती फुकट मिळते. भाषांतर आणि व्हॅलिडेशनचं, म्हणजे प्रश्न जे मोजायचं तेच मोजतात का हे तपासण्याचं, पॅकेज मात्र शहरातल्या एका एजन्सीला दिलं होतं. आमच्यासारखे आणखी बरेच दवाखाने याच मार्गाला लागलेत, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

प्रश्नावली मला आवडली. ‘सुरक्षितता महत्त्वाची वाटते का’ असले गुळगुळीत प्रश्न तिच्यात नाहीत. ड्युटी बदलताना पेशंटची सगळी माहिती द्यायला वेळ पुरतो का? घटना कळवली की काय बिघडलं ते बघण्याऐवजी माणसावरच ठपका येतो का? चूक पेशंटपर्यंत पोचायच्या आधी सापडली, तर ती कळवता का? फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे विषबाधेचे पेशंट येतात. दोन खाटांवर विषावरचं औषध अ‍ॅट्रोपिन चालू, कोणाला शेवटचा डोस कधी दिला ते एका कागदावर, आणि नाइटच्या सिस्टरची एसटी गेटवर हॉर्न देतेय. उभ्या उभ्या दिलेल्या त्या ओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवताना, काय सुटतं ते वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याबद्दल आजवर कोणी कागदावर विचारलं नव्हतं.

आता एजन्सी. कागदोपत्री काम चोख. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं, ते जुळवून एक केलं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत नेलं. मग प्रश्न विषयाला किती लागू पडतो यावर तज्ज्ञांनी प्रत्येक प्रश्नाला 1 ते 4 गुण दिले. 3 किंवा 4 देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे त्या प्रश्नाचा आशय-वैधता निर्देशांक. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर तो 0.78 पेक्षा कमी नसावा असं धरतात. आमचे आकडे झकास आले. फाइलही सुंदर बांधून आली.

चाचणी मात्र त्यांनी शहरातल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींवर घेतली होती. प्रश्नावली आहे सफाई कामगारापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांसाठी. म्हणून आम्ही आमच्याच मावशी, मामा आणि सिस्टर यांच्यासोबत बसलो आणि एकच विचारत गेलो: हे वाचून तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. ‘या वॉर्डात आपल्या चुका आपल्याविरुद्ध धरल्या जातात असं कर्मचाऱ्यांना वाटतं’ हे वाक्य वाचून एक मावशी म्हणाल्या, “आपल्या इथं असं नाही होत जी,” आणि ‘सहमत’वर खूण करून मोकळ्या झाल्या. त्यांचं बरोबरच होतं, त्या स्वतःच्या ‘नाही’शी सहमत होत्या! परत इंग्रजीत नेऊन ही गोष्ट सापडणार नाही, कारण वाक्य मुळाशी तंतोतंत जुळतं. शेवटी फॉर्मच्या आधी सरावाची दोन उलटी वाक्यं, म्हणजे ज्यांत ‘सहमत’ म्हटलं की परिस्थिती वाईट असा अर्थ होतो अशी, तोंडी करून घ्यायचं ठरलं. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना दुसऱ्या वॉर्डातल्या माणसाने वाचून दाखवायचं. पॅकेजमध्ये सगळ्यात मोलाचं काम हेच असायला हवं होतं, आणि नेमकं तेच त्यांनी उरकलं.

आकडेमोडीतही गडबड निघाली. उलट्या वाक्यांचे गुण फिरवून घ्यावे लागतात, 5 चा 1, 4 चा 2. ते झालंच नव्हतं. साहजिकच एकाच विषयावरची उत्तरं एकमेकांशी भांडू लागली, क्रॉनबॅक आल्फा, म्हणजे एका गटातली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, कोसळला, आणि अहवालात शिफारस आली की हे प्रश्न काढून टाका. आमच्या कम्युनिटी मेडिसिनच्या डॉक्टरांनी ते पकडलं म्हणून निभावलं. गुण फिरवल्यावर बाकी गट 0.7 च्या वर आले, मनुष्यबळाचा तेवढा थोडा खालीच राहिला. त्याचं मला फार वाटलं नाही. 2004 च्या पहिल्या आवृत्तीत खुद्द अमेरिकेतही त्या गटाचा आल्फा 0.63 च होता. शिवाय प्रश्न गाळले तर दुसऱ्या दवाखान्यांशी तुलना कशी करणार?

प्रश्नावलीबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. सुरुवातीला पद आणि विभाग, शेवटी नोकरीची वर्षं विचारतात. मोठ्या शहरात ठीक आहे. आमच्या डायलिसिसला एकच टेक्निशियन, त्याचं नाव गुप्त ठेवलं तरी फॉर्म कोणाचा ते शिपाईसुद्धा सांगेल. आम्ही छोटे विभाग एकत्र करून ‘इतर’ केले. तेव्हा कुठे कोरे फॉर्म यायचे कमी झाले.

दुसरी तक्रार मोठी. पेशंटचा सोबती या प्रश्नावलीत कुठेच नाही. आमच्याकडे रक्ताची पिशवी तोच आणतो, स्ट्रेचर तोच ढकलतो, सलाइन संपत आलं की हाकही तोच मारतो. कर्मचारी पुरतात का हे विचारताना त्याला वगळलं तर उत्तर अर्धवटच राहणार. मूळ प्रश्नांना हात न लावता शेवटी स्वतःचे प्रश्न जोडता येतात, म्हणून आम्ही दोन जोडले: आपलं काम सोबत्याला करावं लागतं का, आणि ते कसं करायचं हे त्याला कोणी दाखवतं का.

एजन्सीकडून भाषांतर जरूर करून घ्या. चाचणीचे पैसे मात्र वेगळे काढा आणि ती तुमच्या वॉर्डात, तुमच्या मावशींसमोर झाल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका.