चलानाचा फोटो बघायला गेलो आणि ८४,३०० रुपये घालवून बसलो

बायको म्हणते, गप्प बस, लोक हसतील. हसा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांचे फोन तपासा.

शुक्रवारी रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर चलान आलं. डीपीला पोलिसांचं चिन्ह, माझ्या स्कूटरचा नंबर अगदी बरोबर. राजाराम पूल चौक, सिग्नल तोडला, तारीख १४. खाली 'फोटो पुरावा' म्हणून फाइल.

१४ तारखेला माझी स्कूटर गॅरेजमध्ये होती. ११ ला टाकली, १६ ला आणली. गाडी माझ्याकडे नव्हतीच, तर तिथेच खोटेपणा कळायला हवा होता की नाही? पण माझ्या डोक्यात काय आलं, तर मेकॅनिकच्या पोऱ्याने ट्रायलच्या नावाखाली गाडी फिरवली! म्हटलं, फोटो मिळू दे, उद्या सकाळी त्याच्या तोंडावर मारतो. लोभापायी फसलो असतो तर एकवेळ समजलो असतो. मी रागापायी फसलो.

फाइलच्या नावाशेवटी एपीके, म्हणजे फोटो नाही तर अ‍ॅप टाकायची फाइल, असं लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचलं, आणि दाबलं.

एरवी फोन अशा वेळी अडवतो. माझ्याने अडवलं नाही, कारण दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांनी मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फुकट कॉइन्सवाला गेम माझ्या फोनवर टाकला होता. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपला अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी दिली, घातक अ‍ॅप पकडणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट बंद केलं. गेम दोन दिवसांत उडवला, परवानगी तशीच राहिली. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अ‍ॅप' (Install unknown apps) शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅपपुढचं बटण बंद आहे का ते आत्ता बघा, हे वाचून झाल्यावर नाही.

मुलावर ओरडलो खरा, पण पुढची बटणं मीच दाबली. अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. फोटो दाखवायला एसएमएस कशाला लागतात? दिली. मग 'पडताळणीसाठी १ रुपया', म्हणून डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे. दिले. फोटो काही उघडला नाही. सर्व्हर डाऊन असेल म्हणून झोपलो.

सकाळी दूधवाल्याचे ६२ रुपये जाईनात. रात्रीतून ४९,९९९, मग २४,५००, मग ९,८०० गेले होते. ओटीपी आले तसे त्या अ‍ॅपने गिळले, फोन एकदाही वाजला नाही. वर तो १ रुपया. शिवाय तेच चलान माझ्या नंबरवरून सोसायटीच्या ग्रुपवर गेलं होतं. शेजारच्या काकांनी फाइल उघडायच्या आत मी धावत जाऊन त्यांचा फोन बंद केला. चपलाही घातल्या नव्हत्या.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लागायला ४० मिनिटं गेली. तरी तोच लावा, आधी तोच, आणि फोनचं नेट बंद करून दुसऱ्या फोनवरून लावा. त्या दिवशी चौथा शनिवार, शाखा बंद. कस्टमर केअरने कार्ड ब्लॉक केलं आणि 'आपला दिवस शुभ जावो' म्हणाले. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "शिकलेले दिसता, मग?" दुसरा, "बँकेचं पत्र कुठंय?" सोमवारी बँकेत गेलो, तर त्यांना एफआयआरची कॉपी हवी. चौकीत परत, तर साहेब बंदोबस्तात. बँकेत परत, तर 'ओटीपी वापरला गेलाय, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा'. मी ओटीपी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही हो! स्टेटमेंटवर शिक्का हवा, शिक्का मारणारे मॅडम जेवायला. ऑफिसच्या चार रजा गेल्या, त्या कुठल्या एफआयआरमध्ये लिहायच्या?

त्यातल्या त्यात ९,८०० समोरच्या खात्यात होल्डवर अडकलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. बाकीच्या पैशांचे गिफ्ट व्हाउचर झाले.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चलानाची फाइल उघडू नका, मग ते कुणाच्याही नंबरवरून येवो. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे स्वतः टाकून बघा. मी आता बघितलं. राजाराम पुलाचं काहीच नाही. एकच चलान आहे, २०२३ चं, विनाहेल्मेट, ५०० रुपये. ते माझंच आहे, अजून भरलेलं नाही.