आठ महिने, सहा यू आणि एक हलकट स्क्रू

मे महिन्यात दोंडाईच्याला एका हळदीसाठी टेम्पोतून माझ्या बास गिटारचा रॅक, म्हणजे यंत्रं एकावर एक बसवायची पेटी, उतरवला आणि आत काहीतरी खुळखुळलं. झाकण काढून बघतो तर दोन यूचा (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), अकरा किलोचा पॉवर अॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारं यंत्र, एकाच स्क्रूवर लटकलेला. डावा कान, म्हणजे स्क्रू बसतो ती पुढची कड, वाकलेला, आणि अॅम्पने खालच्या प्रीअॅम्पवर (हा बासचा सिग्नल आधी वाढवतो) खुशाल बूड टेकलेलं. मांडव हातात घ्यायला आलेले एक आजोबा वाकून बघत म्हणाले, "हाई काय शे भो?" मला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगतो.

दिवाळीआधी पंधरा इंची काँबो (अॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) विकला आणि सहा यूचा बॉक्स भरला: वीज साफ करणारा कंडिशनर, प्रीअॅम्प, आवाजाचे चढउतार आवरणारा काँप्रेसर, आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा इंटरफेस आणि अॅम्प. हिशेब साधा होता. धुळ्यात घरी रेकॉर्डिंग आणि लग्नसराईत बाहेर वाजवणं, दोन्ही एकाच पेटीत. आवाजाबद्दल तक्रार नाही. पाच तारी बासचा खालचा बी ३१ हर्ट्झचा, तो काँबोत नुसता गुरगुरायचा, आता सूर म्हणून ऐकू येतो. एवढं कौतुक पुरे.

आता स्क्रू. बॉक्सच्या पट्टीला, म्हणजे यंत्रांचे कान जिला कसतात तिला, १०-३२ या इंची मापाचे आटे होते. विक्रेत्याने दिलेले आठ स्क्रू चार यंत्रांतच संपले, प्रत्येकाला दोनच. उरलेले मागितले तर उत्तर आलं, "वॉरंटी बॉक्सची आहे, स्क्रूची नाही." गेलो हार्डवेअरच्या दुकानात. त्याने मिलिमीटरच्या मापाचे एम-५ दिले, हाताने दोन फेरे बसलेही, मी खूश. खरी गोची इथेच आहे. दोघांच्या आट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं, ०.७९ आणि ०.८ मिलिमीटर, पण एम-५ ची जाडी ५ आणि १०-३२ ची ४.८३. म्हणजे आधी बसल्यासारखा वाटतो, मग अडतो, आणि आपण पान्याने जोर लावला की पट्टीचे आटे खातो. शिरपूर, साक्री, दोंडाईचा एवढे रस्ते झाले आणि खाल्लेल्या आट्यांनी स्क्रू सोडून दिला. चार रुपये वाचवायला गेलो आणि पट्टी बदलायला साडेसहाशे घातले. वरून, जड अॅम्प सगळ्यात वर बसवण्याचा शहाणपणा माझाच. तो तळाला हवा, आणि मागूनही आधार हवा. पुढच्या दोन कानांवर अकरा किलो टेम्पोत टिकत नाहीत. शेवटी गल्लीतल्या वेल्डरने मागे अँगल ठोकून दिला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

त्याच स्क्रूने दुसरा त्रास घरी दिला. रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची भुणभुण. महिनाभर मी बासच्या पिकअपला (तारांची थरथर पकडणारा भाग) शिव्या घातल्या. एकदा प्रीअॅम्प बाहेर काढून टेबलावर ठेवला तर भुणभुण निम्मी. पट्टीतून सगळ्या यंत्रांचे पत्रे एकमेकांना भिडत होते आणि अर्थला दुसरी वाट मिळत होती. कान आणि पट्टीमध्ये नायलॉनचे वॉशर घातले. पण खांदा असलेले हवेत, नुसता चपटा घातला तर स्क्रूचा दांडा कानाला टेकतोच. उरलेली भुणभुण प्रीअॅम्प ते इंटरफेस एक्सएलआर केबल (तीन पिनांची, भुणभुण खोडणारी) लावल्यावर गेली. आमच्या साउंडवाल्याचा सल्ला होता, "अर्थची पिन कापून टाक भो." ओल्या जमिनीवरचा मांडव, जनरेटरची लाइन आणि हातात तारांचं वाद्य. नाही कापणार. डीआयचं, म्हणजे बासचा सिग्नल साउंडवाल्याकडे नेणाऱ्या डबीचं, ग्राउंड लिफ्ट त्यासाठीच असतं, ते फक्त सिग्नल केबलचा पडदा तोडतं.

काँप्रेसर मात्र पहिल्या महिन्यात विकायला काढला होता. घरी सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतो, मग एक यू कशाला अडवायचा? गिऱ्हाईक आलं नाही म्हणून राहिला. मग लग्नसराई लागली आणि मत फिरलं. दाब चारास एक, अटॅक (आवाज आवरायला लागणारा वेळ) तीसेक मिलिसेकंद, बोटाचा ठोका तसाच निसटतो आणि मागचा आवाज आवरला जातो. साउंडवाला माझा फेडर (आवाजाचा सरकता खटका) वरखाली करायचा थांबला. जाहिरात काढून टाकली.

कंडिशनरकडून मी व्होल्टेज सांभाळण्याची अपेक्षा केली, ती माझी चूक. तो विजेची लाट आणि कचरा अडवतो, पडलेलं व्होल्टेज उचलत नाही. म्हणून घरी स्टॅबिलायझर घेतला, तर त्याच्या रिलेची टिकटिक गाण्यात आली. आता गाणं म्हणताना तो व्हरांड्यात, लांब वायरीवर.

आणि सहा यू घेऊ नका, आठ घ्या. माझ्या पेटीत हवेला जागाच नाही, मे महिन्यात अॅम्पचा पंखा एवढा घोंघावतो की माइकसमोर त्याचाही आवाज येतो. सध्या रेकॉर्डिंगच्या वेळी अॅम्प बंदच ठेवतो, तसाही त्याचा तिथे उपयोग नसतो. श्रावणात कानबाई देवीची दोन गाणी घरीच करायची आहेत. नव्या पट्टीला एम-६ चे, पट्टीत अडकवायचे पिंजरा नट आहेत, जादाचे वीस स्क्रू डबीत आहेत, आणि ती डबी बायकोने मोहरीच्या डब्यांत ठेवली आहे असं काल कळलं.