डीएसएल बनवायची आहे: अँटलर, एक्सटेक्स्ट, लँगियम की टेक्स्टएक्स?

समजा, रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याला तुम्ही बॅच कंट्रोलचं सॉफ्टवेअर करून दिलंय. रेसिपीत जरा काही बदललं की तिथला शिफ्ट इंजिनिअर फोन करतो. मग वाटतं, त्याला एक छोटी भाषाच (डीएसएल, म्हणजे एकाच कामापुरती भाषा) बनवून द्यावी. 'टाकी_१ मध्ये आम्ल ४० लिटर सोड' असं त्यानं लिहावं आणि काम व्हावं. विचार रास्त आहे, पण अशी भाषा बनवायचं टूल (शीर्षकातली चारही तीच) निवडताना लोक ग्रामर, म्हणजे भाषेच्या रचनेचे नियम, कशात सोपं जातं तेवढंच बघतात. ग्रामर लवकर उरकतं हो. वेळ खातं ते त्यापुढचं: टाकी_१ कुठे जाहीर केली आहे ते शोधणं, ती ३० लिटरचीच असेल तर टाइप करतानाच लाल रेघ मारणं, नावं सुचवणं.

अँटलर यातलं काहीच देत नाही. टेरेन्स पार यांच्या या टूलची चौथी आवृत्ती २०१३ची. जावा, पायथन, गो, सी शार्प अशा बऱ्याच भाषांत ते पार्सर (ग्रामरप्रमाणे मजकूर वाचणारा कोड) काढून देतं आणि बेरीज-गुणाकाराचे डावीकडून स्वतःलाच बोलावणारे नियमही चालवून घेतं. पार्स ट्री (वाचलेल्या मजकुराची झाडासारखी मांडणी) हातात ठेवली की त्याचं काम संपलं. रेसिपीच्या फाइली फक्त सर्व्हरवर वाचायच्या असतील तर हेच घ्या.

एक्सटेक्स्टमध्ये एका ग्रामरमधून पार्सर, ईएमएफ (एक्लिप्सची मॉडेल बनवायची चौकट) मॉडेल, नावांची जोडणी आणि एक्लिप्सचा एडिटर, सगळंच निघतं. २०१७पासून एलएसपीही (भाषेच्या सोयी कुठल्याही एडिटरला पुरवायची ठरावीक पद्धत) आहे, म्हणजे इतर एडिटरही चालतात. पण आत अजून अँटलरची तिसरी आवृत्ती आहे, त्यामुळे तसले डावे नियम इथे मोडून लिहावे लागतात. शिवाय अख्खा एक्लिप्सचा संसार अंगावर येतो. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जुन्या जावा टीमला त्याचं काही वाटणार नाही, नवख्याचा मात्र जीव मेटाकुटीला येतो.

लँगियम टाइपफॉक्सचं. एक्सटेक्स्ट घडवणारेच काही लोक त्यामागे आहेत, म्हणून ग्रामर ओळखीचं वाटतं. मात्र सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये, एलएसपी पहिल्यापासून, आणि तीच भाषा व्हीएस कोडमध्येही चालते, ब्राउझरमध्येही. कारखान्याच्या पीसीवर काही इन्स्टॉल करायला आयटीवाले सहसा हात लावू देत नाहीत, तिथे ही सोय लाखमोलाची.

टेक्स्टएक्स पायथनमधलं आणि चौघांत सर्वांत हलकं. त्याचं ग्रामर पीईजी (पर्याय क्रमानं तपासणारी पद्धत) असल्यानं जो पर्याय आधी जुळेल तोच धरला जातो. 'सोड' आधी आणि 'सोडून_दे' नंतर लिहिलंत की दुसऱ्याची पाळीच येत नाही. एडिटरची बाजू लंगडी.

आता देवनागरी. एक्सटेक्स्ट आणि लँगियमच्या तयार सांगाड्यातला नावाचा नियम फक्त रोमन अक्षरं घेतो. टेक्स्टएक्स पायथनच्या रेजेक्सवर (अक्षरांचे नमुने जुळवायची सोय) चालतं आणि ते काना-मात्रा अक्षरांत धरतच नाही, म्हणून 'टाकी'तला नुसता 'ट' उचलून पुढे एरर देतं. तिन्हीकडे 0900 ते 097F ही देवनागरीची युनिकोड रेंज घालून नियम स्वतः लिहा. दंडही त्याच रेंजमध्ये येतो, तो वगळा. अँटलरमध्ये अक्षरं आणि चिन्हं असे युनिकोडचे वर्गच देता येतात.

आकड्यांची गंमत वेगळीच. '४०' ही स्ट्रिंग जावा आणि पायथन मुकाट्यानं चाळीस म्हणून वाचतात, जावास्क्रिप्ट मात्र 'हा आकडाच नाही' (एनएएन) म्हणतं. लँगियम टाइपस्क्रिप्टचं, म्हणजे शेवटी जावास्क्रिप्टवरच चालणारं; ते घेतलंत तर व्हॅल्यू कन्व्हर्टर (वाचलेल्या मजकुराचा आकडा बनवणारा भाग) बदलणं आलंच. अर्ध्या दिवसाचं काम, पण आठवणीनं करा. आम्लाच्या मापात एनएएन परवडत नाही.

या कामाला मी लँगियम घेईन. आधी टेक्स्टएक्सवर कच्चा नमुना करून त्या इंजिनिअरकडून चार-पाच खऱ्या रेसिप्या लिहून घेईन, कारण त्याच्या तोंडची वाक्यं ऐकल्यावर ग्रामर हमखास बदलतं. टीम जावाची आणि मॉडेल आधीच ईएमएफमध्ये असतील तर एक्सटेक्स्ट सोडण्यात अर्थ नाही.